किचनच्या कपाटाचा गॅस पंप जुन्या कॅम्परव्हॅनमध्ये: उचलतो छान, धरून ठेवत नाही

जुन्या कॅम्परव्हॅनमध्ये, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीत, इंजिनाच्या आधी नाकी नऊ आणतात ती डोक्यावरची कपाटं. फ्लॅप, म्हणजे कपाटाचं वर उघडणारं दार, धरून ठेवणारा स्प्रिंगचा स्टे कोपरात तुटतो, कारण तो कोपर प्लास्टिकचा असतो. उन्हात उभ्या गाडीत तो वर्षानुवर्षं भाजतो आणि मग एखाद्या खड्ड्याचं निमित्त पुरतं. त्यानंतर चहाचा डबा काढायचा तर एका हाताने फ्लॅप धरायचा आणि दुसऱ्याने चाचपडायचं. तसाच्या तसा स्टे शोधण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या कित्येक जुन्या कॅम्पर टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या आहेत. ही गाडी १९८७ पासून रस्त्यावर आहे, मूळ आराखडा मर्सिडीजच्या टी१ व्हॅनचा. तिचे यांत्रिक पार्ट पुण्यात नाना पेठेत शोधता येतात. पण आतली कपाटं गाडीची बॉडी बांधणाऱ्या कारागिराने बांधलेली, आणि त्याने तेव्हा हाताला लागेल ते फिटिंग लावलेलं.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे मॉड्युलर किचनच्या वर उघडणाऱ्या कपाटाचा गॅस पंप. बिननावाची जोडी दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळते, नावाजलेल्या कंपनीची त्याहून महाग. दुकानात ‘हायड्रॉलिक पंप’ म्हणून मागितला तरी हाच हातात पडतो, पण काम करतो तो आतला दाबलेला नायट्रोजन. तेल असतं थोडंसंच, सील (दांड्याभोवती गॅस अडवणारं कडं) ओलं ठेवायला आणि शेवटच्या टप्प्यात वेग कमी करायला. हा पंप गाडीत चालतो का? डोक्यावरच्या कपाटाला उत्तम चालतो. बाहेरच्या सामानाच्या दाराला लावू नये, बेडखाली तर मुळीच नाही. आणि जिथे चालतो तिथेही त्याच्या सोबत कडी हवीच.

बहुतेक घोटाळा जोराच्या आकड्यात होतो. पंपावर ५०, ८०, १००, १२० असे न्यूटनचे आकडे असतात आणि दुकानदार सवयीने १०० ची जोडी पुढे करतो. घरच्या १८ मिमी प्लायच्या दाराला ती ठीक असेल. कॅम्परमधला फ्लॅप बहुधा १२ मिमी प्लायचा. समजा तो ९०० मिमी लांब आणि ३५० मिमी उंच आहे. प्लाय साधारण अडीच किलो, एका बाजूची सनमायका आणि हँडल धरून ३ किलो. फ्लॅप आडवा उघडला की हे वजन बिजागरीपासून १७५ मिमीवर लोंबतं; ३ गुणिले ९.८१ गुणिले १७५, म्हणजे सुमारे ५१५० न्यूटन-मिमी. खाली दिलेल्या मापाने पंप बसवला तर उघड्या स्थितीत त्याच्या रेषेचं बिजागरीपासूनचं लंब अंतर ७१ मिमी भरतं. ५१५० ला ७१ ने भागा: ७३ न्यूटन. वर पंधरा-वीस टक्के राखीव धरा, ८५ च्या आसपास. दोन पंपांत वाटलं की प्रत्येकी ४३. म्हणजे ५० न्यूटनची जोडी पुरे.

तिथे १०० ची जोडी लावली तर काय होतं? लागतो त्याच्या पावणेतीनपट जोर मिळतो. फ्लॅप हातातून सुटून वर उसळतो आणि उघडल्यावरही कडेला अडीच किलोच्या वर जोर लावल्याशिवाय खाली येत नाही. हा सगळा जादा ताण बिजागरीचे स्क्रू सोसतात. १२ मिमी प्लायमध्ये ते ढिले व्हायला फार दिवस लागत नाहीत, आणि मग दोष पंपाला दिला जातो.

छापलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. घरातला वजनकाटा घ्या, पंपाचा दांडा खाली करून काट्यावर उभा धरा आणि वरून सरळ दाबा. ५० न्यूटनचा पंप ५ किलोच्या आसपास दाखवतो, १०० चा १० च्या. दाबत जाताना काटा थोडा जास्त दाखवतो, हळूहळू सोडताना कमी. सीलच्या घर्षणामुळे हे होणारच, दोन्हींच्या मधला आकडा खरा. जोडीतले दोन्ही पंप तपासा. एक साडेपाच आणि दुसरा चार किलो दाखवत असेल तर ती जोडी परत करा, कारण लांब पातळ फ्लॅप अशा जोडीवर पिळतो आणि एका कोपऱ्यात कायम फट राहते. खोक्यावरचं नाव कोणतंही असो, ही दोन मिनिटांची तपासणी टाळू नका.

आता बसवणं. किचनच्या पंपांमध्ये सहज मिळणारं एक माप म्हणजे पूर्ण उघडा असताना भोक ते भोक २४५ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे दांडा आत-बाहेर सरकण्याचं अंतर, ९० मिमी. पण खरेदी करताना टेपने मोजाच, कारण दिसायला सारखे पण १०-१५ मिमीने आखूड पंपही असतात. या मापासाठी पुढचं गणित जमतं. बिजागरीची पिन हा शून्य बिंदू धरा. फ्लॅपवरचा ब्रॅकेट असा लावा की त्याची पिन बिजागरीपासून ७० मिमी खाली आणि २० मिमी आत येईल. कपाटाच्या बाजूच्या फळीवरचा ब्रॅकेट २३३ मिमी खाली, ४० मिमी आत. फ्लॅप ९० अंश उघडल्यावर पंपाची लांबी २४० होते, बंद असताना १६४. आवळलेल्या पंपाची किमान लांबी १५५, तेव्हा ८-९ मिमी शिल्लक उरतात. ही शिल्लक उरली नाही तर फ्लॅप बंद होण्याआधी पंप तळाला टेकतो, आपण हँडलवर जोर देतो आणि ब्रॅकेट स्क्रूसकट उपटून येतो.

आधी पुठ्ठ्यावर मूळ मापाचं चित्र काढा, पंपाच्या जागी दोन भोकांची पट्टी ठेवा आणि फ्लॅपचा पुठ्ठा टाचणीवर फिरवून बघा. गाडीची भिंत घराच्या भिंतीसारखी ओळंब्यात नसते. छताकडे ती आत कललेली असली तर कपाटाची मागची बाजू अरुंद होते आणि ४० मिमी आतला बिंदू कधीकधी वायरिंगच्या पट्टीवर येतो. भोक पाडल्यावर हे कळण्यापेक्षा पुठ्ठ्यावर कळलेलं बरं.

दांड्याची बाजू खाली ठेवा. फ्लॅप बंद असताना नळी वर, दांडा खाली असा पंप राहिला की तेल सीलवर बसतं आणि सील कोरडं पडत नाही. किचनमध्ये उलटा लावलेला पंपही काही वर्षं निभावतो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, तिथे सील कोरडं पडलं की गॅस हळूहळू निसटतो. दांड्याला पक्कड लावू नका. एक ओरखडा उठला तरी प्रत्येक उघडझापीला तो सील कापत राहतो. फ्लॅपला रंग मारायचा असेल तर पंप काढून ठेवा, दांड्यावर वाळलेला रंगाचा थेंबही तेच करतो.

स्क्रूबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण किचनच्या फिटिंगचा खरा कमकुवतपणा इथेच आहे. सोबत येणारे छोटे लाकडी स्क्रू घरात पुरतात. गाडीत सतत थरथर असते आणि १२ मिमी प्लायमध्ये या स्क्रूला पकड मिळते जेमतेम १० मिमी. बाजूच्या फळीला आरपार भोक पाडून ४ मिमीचा मशीन स्क्रू, मागे रुंद वॉशर आणि नायलॉक नट लावा. साधा नट थरथरीने फिरतो, आत नायलॉनचं कडं असलेला नायलॉक फिरत नाही. फ्लॅपवर दर्शनी बाजूला नट नको असेल तर आधी ३ मिमी अॅल्युमिनियमची ५० बाय ७५ मिमीची पट्टी अॅराल्डाइटने आतून चिकटवा, ती २४ तास वाळू द्या, पट्टीत ४ मिमीचे आटे पाडा आणि ब्रॅकेट तिच्यावर कसा. चिकटवण्याआधी तिथली सनमायका किंवा पॉलिश खरवडून प्लाय उघडा करा, नाहीतर पट्टी सनमायकाला घेऊन निघते. जुनं भोक मोठं झालं असेल तर सुतार आगपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून देईल. घरच्या दाराला तो उपाय चांगला, पण थरथर सोसणाऱ्या ब्रॅकेटला नाही.

दोन्ही ब्रॅकेट एका रेषेत यायला हवेत. पंप बाजूला तिरका झाला की टोकाची प्लास्टिकची टोपी ब्रॅकेटच्या पिनेवरच्या गोळीवरून सटकते आणि मोकळा पंप फळीवर आपटत राहतो. काही पंपांना टोपीभोवती तारेची चाप असते. मिळाला तर तसाच घ्या. बिजागरी मात्र किचनची ऑटो हिंज (दारात गोल खाच पाडून बसवायची कपाची बिजागरी) नको, तिच्या दोन-तीन कपांवर सगळा भार येतो. पूर्ण लांबीची पियानो बिजागरी लावा. दिसायला जुनाट, पण ९०० मिमीवर तिचे पंधरा-सोळा स्क्रू भार वाटून घेतात.

आता कडीकडे वळू. वरच्या मापाने बसवलेल्या पंपाची रेषा बंद स्थितीत बिजागरीच्या पलीकडे जाते, त्यामुळे पंप फ्लॅपला किंचित आत ओढतो. दुकानात हात लावून बघितलं की वाटतं, ‘बसलं की घट्ट!’ हिशेब केला तर भ्रम उतरतो. बंद असताना लंब अंतर फक्त ११ मिमी. दोन पंप मिळून फ्लॅपच्या खालच्या कडेला जेमतेम ४०० ग्रॅमचा जोर देतात. कपाटात ६ किलो सामान असेल आणि ताम्हिणीच्या वळणावर गाडी थोडी वेगात वळली, तर आडवा धक्का ३ किलोपर्यंत सहज जातो. फ्लॅप उघडतो आणि मग पंप त्याला आज्ञाधारकपणे पूर्ण वर नेऊन धरतो. मोडका स्टे निदान फ्लॅप पुन्हा खाली पडू देत होता. हा वळणावळणाला डबे खाली टाकण्याची सोय करून ठेवतो.

मूळचं दाबून उघडणारं बटण-लॉक बहुधा स्टेच्या पाठोपाठ मोडलेलं असतंच. त्याच्या जागी मॅग्नेट कॅच लावायचा मोह आवरा. चुंबकाची पकड पत्र्याला पूर्ण चिकटल्यावरच खरी. मध्ये अर्ध्या मिलीमीटरची फट राहिली तरी ती झपाट्याने घटते आणि हादऱ्याने फट पडतेच. बॉल कॅच त्याहून बरा, पण पितळी गोळ्या झिजल्या की तोही ओढल्यासारखा सुटतो. सगळ्यात भरवशाचं ड्रॉवरचं कॅम लॉक: चावी फिरवली की लोखंडी जीभ ९० अंशात वळून चौकटीमागे अडकते, मग धक्का कुठूनही येवो. जुन्या बटणाचं भोक कॅम लॉकच्या अंगापेक्षा मोठं निघालं तर २ मिमी अॅल्युमिनियमच्या चकतीत नेमकं भोक पाडून ती दर्शनी बाजूने लावा. चावीचा कंटाळा असेल तर दोन टोकांना ३ इंची पितळी टॉवर बोल्ट. एकच बोल्ट मधोमध लावला तर ९०० मिमीचा फ्लॅप कोपऱ्यांतून फडफडतो. चौकटीवर ३ मिमी फोम टेप चिकटवा आणि कॅमची जीभ तेवढी घट्ट ठेवा. खडखड तिथल्या तिथे थांबते.

हवामानाचाही हिशेब धरावा. पंपाचा आकडा २० अंश तापमानाचा असतो. उन्हात तापलेल्या गाडीत ६० अंशांवर जोर सुमारे १४ टक्के वाढतो, लेहच्या उणे १० अंशांत साधारण १० टक्के घटतो. राखीव पंधरा-वीस टक्के धरायचे ते याच्यासाठीच. थंडीत फ्लॅप हळूच खाली येऊ लागला तर पंप मेला असं लगेच समजू नका, दुपारी पुन्हा बघा.

बेडचं थोडक्यात. १८०० बाय १२०० मिमीचा तळ १२ मिमी प्लायचा, लाकडी चौकट आणि ४ इंची फोमची गादी मिळून ३० किलोच्या आसपास. लांब कडेला बिजागरी असेल तर साधारण तेवढ्याच लंब अंतरावर अडीच-तीन हजार न्यूटन लागतील. किचनचे पंप किती लावणार? बेडचं वेगळं फिटिंग मिळतं, तेच घ्या.

बाहेरच्या सामानाच्या दाराला हा पंप लावलेला दिसतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तो मेलेलाही दिसतो. चिखलाची पूड दांड्याला चिकटून सीलमध्ये जाते, पातळ मुलाम्याचे ब्रॅकेट कोकणच्या हवेत लाल होतात. तिथे हॅचबॅकच्या डिकीचा शॉकर जास्त टिकतो, पण त्याचा जोर काही शे न्यूटनचा, तेव्हा दाराचं वजन मोजून घ्या. दार १० किलोच्या आत असेल तर त्याहून साधा इलाज आहे: टेकू. ६ मिमीची लोखंडी सळई, एक टोक वाकवून दाराच्या कडीत कायम अडकवलेलं, दुसरं चौकटीतल्या भोकात जाणारं, वर रबरी नळीचा तुकडा, म्हणजे रंग खरवडत नाही आणि वाजत नाही. बॉनेटला असते तशीच ही दांडी. तिच्यात गॅस नाही, सील नाही. गंजली तर वेल्डरकडे दुसरी वाकवून मिळते. फक्त चौकटीतलं भोक सळईपेक्षा १ मिमी मोठं आणि खाली झुकलेलं ठेवा, नाहीतर वाऱ्याच्या झोताने दार उचललं गेलं की टोक निसटतं.

संपलेला पंप भंगारात देताना कापू नका, भोक पाडू नका, जाळात टाकू नका. फ्लॅप उचलण्याइतका जोर गेला तरी आत दाब शिल्लक असतो.