२०११ ची सिटी ऑटोमॅटिक: गिअरबॉक्सचं तेल बदलून आठ महिने झाले

गाडी मूळची सासऱ्यांची. २०११ ची होंडा सिटी, पाच गिअरची ऑटोमॅटिक. आमच्याकडे आली तेव्हा ९२ हजार किलोमीटर झाली होती. सासऱ्यांचा कारभार चोख, प्रत्येक सर्व्हिसची पावती फायलीत लावलेली. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक पॅड, सगळ्याच्या पावत्या सापडल्या, गिअरबॉक्सच्या तेलाची मात्र एकही नाही.

सकाळी रिव्हर्स टाकला की क्षणभर गाडी ढिम्म, मग एकदम धप्. नाशिकच्या द्वारका सर्कलच्या गर्दीत दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना मागून कुणी ढकलल्यासारखा झटका. म्हणून एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकने इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक, म्हणजे तेलाची लेव्हल बघायची पट्टी, बाहेर काढली, "तेल कमी आहे साहेब" म्हणाला आणि कसलंसं 'सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं' असं तेल जवळजवळ अर्धा लिटर ओतलं. दोन आठवड्यांनी मुंबईहून परतताना कसारा घाटात गाडीने रंग दाखवले. इंजिन ओरडतंय, आरपीएमचा काटा वर, गाडी मात्र वेग घेईना, आणि मागचे ट्रक आम्हाला हॉर्न देतायत.

त्या रात्री पहिल्यांदा डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल उघडलं. बऱ्याच गाड्यांत ऑटोमॅटिकचं तेल इंजिन चालू ठेवून बघतात. होंडाच्या या गिअरबॉक्सचं उलटं आहे. इंजिन तापवायचं, रेडिएटरचा पंखा फिरू लागेपर्यंत थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि मग साधारण ६० सेकंदांनी, पण ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक काढायची. इंजिन चालू असताना पंपाने बरंचसं तेल वर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि गिअर पकडणाऱ्या आतल्या क्लचकडे नेलेलं असतं, त्यामुळे खाली लेव्हल कमी दिसते. म्हणजे आमची लेव्हल कदाचित बरोबरच होती, आणि त्यात अर्धा लिटर जास्तीचं पडलं. जास्त तेलात आतले गिअर घुसळत राहतात, ताकासारखा फेस होतो. फेसात हवा आली की क्लच दाबून धरणारा तेलाचा दाब कमी होतो. घाटात झालं ते असंच असणार.

डिपस्टिक बघणं वाटतं तेवढं सोपं नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला उतार आहे, तिथली लेव्हल खोटी येते. मी गंगापूर रोडच्या पंपावर हवा भरतात तिथे, सपाट फरशीवर बघतो. ही पिवळ्या कडीची डिपस्टिक बरीच खाली दडलेली असते, गरम इंजिनात हात घालावा लागतो. बायको मोबाइलवर सेकंद मोजते, मी काढतो, पुसतो, परत पूर्ण आत घालतो, पुन्हा काढतो. पुसायला टॉवेलचं फडकं नको, त्याचे धागे आत जातात. जुन्या धोतराचा तुकडा सर्वात उत्तम. आमच्या डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. रंग काढ्यासारखा, आणि वास फोडणी करपल्यासारखा.

पुढचं काम अंबडच्या एका मेकॅनिकने केलं. त्याच्याकडे पिट (गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा) आहे आणि आपण आणलेलं तेल वापरायला त्याची ना नाही. तेल होंडाचंच डीडब्ल्यू-१, जुन्या झेड-१ च्या जागी आलेलं. ड्रेन प्लगला, म्हणजे खालून तेल सोडायच्या बुचाला, चौकोनी खाच असते, तिच्यात ३/८ इंची रॅचेट थेट बसतं. प्लगच्या टोकाला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाची लेपासारखी मऊ पूड होती. मेकॅनिकने ती बोटांत चोळून दाखवली, "एवढी चालते, तुकडे निघाले असते तर बोललो असतो." वॉशर नवा घातला. पहिल्या फेरीत तीन लिटरच्या आसपास निघालं, त्यातलं अर्धा लिटर त्या गॅरेजवाल्याची देणगी. त्याने मापून अडीचच भरलं, मग तापवून लेव्हल बघितली.

खालून सोडलं तरी सगळं तेल निघत नाही, बरंच टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. दर वेळी निम्मं बदललं असं धरलं तरी तीन फेऱ्यांनंतर आठवा हिस्सा जुनाच उरतो. म्हणून मध्ये आठ-दहा दिवस गाडी चालवून तीनदा काढलं-भरलं, साडेसात लिटर तेल लागलं. मशीन लावून फ्लश करून देतो म्हणणारे दोघे भेटले. एवढ्या जुन्या गिअरबॉक्समधून दाबाने तेल फिरवायचं माझं धाडस झालं नाही. शिवाय आमचा खर्च त्यांच्या कोटेशनच्या निम्म्यात बसला.

आता आठ महिने, ७,४०० किलोमीटर. कसारा चार वेळा चढलो, एकदा चार माणसं आणि एसीसकट. गाडी हुकली नाही. वणीला सप्तशृंगीगडावर जाऊन आलो. उतरताना ब्रेकवर भार नको म्हणून स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घेतले, ते वेळेवर पडले. दुसऱ्या-तिसऱ्यातला झटका पहिल्या फेरीनंतरच निम्मा झाला आणि तिसरीनंतर जाणवेनासा. माझ्या मते त्यात नव्या तेलाइतकाच वाटा जास्तीचं तेल काढल्याचा आहे. सगळं मात्र बरं झालेलं नाही. डिसेंबरच्या थंडीत सकाळी पहिला रिव्हर्स अजून अर्धा सेकंद विचार करतो. मेकॅनिक म्हणतो आतले क्लच झिजलेत, त्याला तेल काय करणार. मी ब्रेकवर पाय ठेवून गिअर लागल्याचं जाणवेपर्यंत थांबतो, तेवढंच.

एक सांगून ठेवतो. २०१४ पासूनची सिटी ऑटोमॅटिक (हायब्रिड सोडून) म्हणजे सीव्हीटी, ठरावीक गिअरच नसलेला गिअरबॉक्स. तिचं तेल वेगळं, डीडब्ल्यू-१ तिच्यात घालू नका.

डिपस्टिक महिन्यातून एकदा बघतो. तेल अजून लाल आहे, थोडं गडद झालंय. पुढची एक फेरी एक लाख दहा हजारला करायची ठरवलीय, वॉशर आत्ताच आणून डिकीत टाकलाय.