‘ऊन-पावसाला दाद न देणारे’ खुराडे: वर्षभराच्या वापरानंतर

परसातल्या सहा कोंबड्यांसाठी मी गेल्या वर्षी हे तयार लाकडी खुराडे घेतले, ते ऊन, वारा, पाऊस कशालाच दाद देत नाही या जाहिरातीवर विश्वासून.

पावसापुरती जाहिरात खरी ठरली. छपराचा उतार चांगला आहे, वळचण हातभर पुढे आलेली आहे आणि पायांमुळे खुराडे जमिनीपासून उंच राहत असल्याने अंगणात पाणी साचूनही आतला भुसा कोरडा राहिला. भुसा ओला झाला की रक्ती हगवण फैलावायला वेळ लागत नाही, म्हणून याचे मोल मोठे आहे. वाऱ्याचे मात्र वेगळे. लाकूड इतके हलके की पहिल्याच वादळात खुराडे एका बाजूला उचलले गेले. चार लोखंडी खुंट ठोकून ते तारेने आवळले, तेव्हा कुठे जागेवर राहिले. हे खुंट सोबत देणे विक्रेत्याला सुचू नये, याचे आश्चर्य वाटते.

खरा दोष थंडीत कळला. हवेसाठी एकच खिडकी आहे आणि तीही नेमकी कोंबड्या बसतात त्या दांडीच्या उंचीला, त्यामुळे ती उघडली तर झोत थेट अंगावर येतो आणि लावली तर श्वासाची व विष्ठेची वाफ आतच कोंडते. पारा शून्याखाली गेला त्या आठवड्यात मी ती लावून घेतली. सकाळी फळ्यांवर पाण्याचे थेंब होते, अमोनियाने डोळे चुरचुरत होते आणि दोन कोंबड्यांच्या तुऱ्यांची टोके काळी पडली होती. कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंशांच्या आसपास असते आणि पिसे फुलवून ती कोरडी थंडी सहज काढते. तुरा बाधतो तो मुख्यतः कोंडलेल्या ओलाव्यामुळे. मी वळचणीखाली समोरासमोर दोन फटी कापून त्यांना अर्ध्या इंचाची जाळी ठोकली. वास गेला, थेंबही गेले. दुकानदार सुचवत होता तो उष्णतेचा दिवा मी घेतला नाही, कारण कोरड्या भुशावर तापलेला दिवा टांगणे म्हणजे आगीला आमंत्रण.

उन्हाळ्यात याच फटी कामी आल्या. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते. छपराचा काळा कागद तापल्यावर सगळ्याच तशा दिसू लागल्या, म्हणून खुराडे झाडाखाली हलवावे लागले.

‘आठ कोंबड्यांसाठी’ हा दावा तर सोडूनच द्यावा. तळ 16 चौरस फुटांचा आहे, म्हणजे एका कोंबडीला 4 चौरस फूट या हिशेबाने चारच मावतात, आणि वादळात दोन दिवस कोंडल्यावर माझ्या सहा जणींनी एकमेकींची पिसे उपटायला सुरुवात केली. गोल, बारीक दांडीही मी बदलून दोन इंच रुंद चपटी पट्टी बसवली, कारण तिच्यावर बसल्यावर बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात.

करवत चालवता येत असेल आणि कोंबड्या चारच असतील, तर छपरासाठी हे खुराडे घ्यावे. पावसात दार फुगते. रंधा मारूनही ते अजून गुडघ्याने ढकलावे लागते.