साइड प्रोजेक्ट बंद करताय? गिटहबचं आर्काइव्ह बटण वापरून बघा

बरीच वर्षं नोकरी सांभाळून चालवलेली माझी छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी मी नुकतीच बंद केली, आणि त्यासाठी गिटहब या कोड ठेवायच्या साइटचं आर्काइव्ह फीचर (प्रोजेक्ट न पुसता गोठवून ठेवायची सोय) वापरलं. २०१७ पासून आहे हे, तरी बरेच जण एकतर रेपो (प्रोजेक्टच्या कोडची गिटहबवरची जागा) डिलीट करतात नाहीतर तसाच सोडून देतात.

सेटिंग्जमध्ये अगदी खाली बटण आहे. दाबलं की कोड, इश्यू (लोकांनी नोंदवलेले प्रश्न-तक्रारी), पुल रिक्वेस्ट (लोकांनी सुचवलेले कोडमधले बदल) सगळं रीड-ओन्ली होतं आणि वर तारखेसकट पट्टी येते, म्हणजे नवीन माणसाला लगेच कळतं की इथे आता कोणी बघत नाहीये. क्लोन (कोड उतरवून घेणं) आणि फोर्क (स्वतःची वेगळी प्रत काढणं) मात्र चालू राहतं. रेपो परत उघडताही येतो, त्यामुळे निर्णय घेताना छातीवरचं दडपण खूप कमी होतं.

खरं काम बटण दाबायच्या आधीचं. इश्यू, पुल रिक्वेस्ट बंद करा, रीडमी (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) अपडेट करा असं गिटहबच सुचवतं, आणि त्या निमित्ताने मी सगळे जुने इश्यू परत वाचले तेव्हा दिसलं की लोकांचे प्रश्न एवढी वर्षं एकाच फंक्शनभोवती फिरत होते, बाकीचा पसारा फक्त मला आवडायचा म्हणून वाढला होता. हे प्रोजेक्ट चालू असताना कधीच दिसलं नसतं! रीडमीत मग का बंद केलं, शेवटचं भरवशाचं व्हर्जन कुठलं, पर्याय काय, सगळं लिहिलं.

कोणाला तरी चालवायला देऊन टाक असं मित्र म्हणत होते, पण २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाचं पॅकेज असंच नवीन माणसाच्या हाती गेलं आणि त्यातून बिटकॉइन चोरणारा कोड लोकांपर्यंत पोचला, त्यामुळे अनोळखी माणसाला पब्लिशचे हक्क द्यायला माझं मन धजत नाही. ज्याला हवंय त्याने फोर्क करावं.

मोठी उणीव म्हणजे आर्काइव्ह फक्त रेपोपुरतं, एनपीएमवरचं (जावास्क्रिप्ट पॅकेजेस जिथून इन्स्टॉल होतात तिथलं) पॅकेज काही न सांगता इन्स्टॉल होतच राहतं. तिथे डेप्रिकेट ('हे आता वापरू नका' असं जाहीर करणारी) कमांड वेगळी चालवायची, मग इन्स्टॉल करणाऱ्याला तुमचा मेसेज दिसतो. अनपब्लिश, म्हणजे पॅकेज काढूनच टाकणं, मात्र नको, २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं छोटंसं पॅकेज काढल्यावर त्यावर अवलंबून असलेल्या प्रोजेक्टचे जगभरचे बिल्ड (कोडमधून सॉफ्टवेअर तयार करायचं काम) पडले होते.

माझ्याकडून पाचपैकी चार. आणि हो, आर्काइव्ह केल्यावर नवीन इश्यू टाकता येत नाही, तेव्हा सिक्युरिटी बग कळवायला एक ईमेल रीडमीत आधीच टाकून ठेवा.