‘मदरबोर्ड गेला’ असं सांगून नवाकोरा बोर्ड काढून घेतात, त्याबद्दल

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन घ्यायचे, गणपतीला नाहीतर मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्याबरोबर गावी मागवायचे आणि घरीच कॉम्प्युटर जोडायचा, हे आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात बऱ्याच घरांत चालतं. जोडून झाल्यावर बटण दाबलं आणि मशीन ढिम्म राहिलं, की कॅबिनेट उचलून बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं जातं. सगळेच दुरुस्तीवाले लबाड नसतात. पण नवं मशीन, घाबरलेलं गिऱ्हाईक आणि आत नेमकं काय बसवलंय याची कुठे नोंद नाही, असा योग जुळला की हात मारायला फार अक्कल लागत नाही.

कुडाळकडच्या एका कॉलेजच्या मुलाचं प्रकरण नमुन्यादाखल घ्या. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डची जात ठरवणारी चिप) चार रॅम-खाचांचा बोर्ड, ८ जीबीच्या दोन रॅम आणि चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. बटण दाबल्यावर पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही. दुकानात मशीन ठेवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला: ‘बोर्ड शॉर्ट आहे. एसएमपीएसनेच उडवला. दोन्ही बदलावे लागतील.’ वहीच्या कागदावर लिहिलेली ९,८०० रुपयांची कच्ची पावती मिळाली, मशीन चालू होऊन आलं, घरचे खूश झाले. पुढे आणखी रॅम टाकायला कॅबिनेट उघडलं तेव्हा आतल्या बोर्डला खाचा दोनच! बोर्ड ए३२० चिपसेटचा होता. हा चिपसेट २०१७ चा, बी५५० आला २०२० मध्ये. एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ५०० वॅट छापलेलं, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. गुणाकार करा, १६८ वॅट होतात. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे तो मोठा आकडा नुसता शोभेचा.

मूळ दोष काय होता? मुलाने जोडताना मोबाइलवर काढलेल्या फोटोत दिसतं की पॉवर बटणाची वायर एलईडीच्या पिनांवर बसली होती. पहिला बोर्ड ठणठणीत होता असं छातीठोकपणे आता कुणी म्हणू शकत नाही, कारण तो बोर्डच हातात नाही. दुरुस्तीवाल्याला हेच तर हवं असतं.

गिऱ्हाइकासमोर ‘पुरावा’ म्हणून जी प्रात्यक्षिकं केली जातात, ती नीट समजून घ्या. पहिलं मल्टिमीटरच्या बीपचं. मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकांमधून वीज सहज जात असेल तर बीप देणाऱ्या सोयीवर) ठेवतात, एक टोक कॅबिनेटच्या पत्र्याला लावतात आणि दुसरं प्रोसेसरच्या शेजारच्या चौकोनी कॉइलला. मीटर पीं करतं. ‘ऐकलंत? शॉर्ट!’ बोर्ड १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला देतो तो व्होल्टेज एक-सव्वा व्होल्टच्या आसपास आणि करंट दहा-दहा अँपिअरच्या पटीत, त्यामुळे प्रोसेसर बसवलेल्या चांगल्या बोर्डवरही त्या कॉइलपासून ग्राउंडपर्यंतचा रोध फार कमी भरतो. कित्येक मीटर ३०-५० ओहमच्या खाली सरसकट बीप देतात. म्हणजे चांगला बोर्डही तिथे वाजतो. ग्राफिक्स कार्डच्या कोअरच्या कॉइलवरही हेच. शॉर्ट खरोखर बघायचा असेल तर सगळ्या केबल काढून, बोर्डवर प्रोसेसरच्या (सीपीयूच्या) वीज-केबलसाठी असलेल्या ८ पिनांच्या सॉकेटात १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये मोजायचं. तिथे सलग बीप आला आणि रोध शून्याला टेकलेला राहिला, तर दुरुस्तीवाला खरं बोलतोय असं धरायला जागा आहे.

दुसरं प्रात्यक्षिक एसएमपीएसच्या पंख्याचं. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये वायरचा तुकडा घालून एसएमपीएस एकटा चालू करतात आणि पंखा फिरत नाही म्हणून तो मेला असं जाहीर करतात. झीरो आरपीएम किंवा तत्सम सोय असलेल्या एसएमपीएसचा पंखा लोड कमी असताना फिरतच नाही, तो तसाच बनवलेला असतो. पंख्याकडे नाही, व्होल्टेजकडे बघायचं: १२ ची लाइन ११.४ ते १२.६, ५ ची ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ ची ३.१४ ते ३.४७ या पट्ट्यात असली पाहिजे.

तिसरं म्हणजे दोष शोधायला बोर्डवर लावतात ते चार आकडे दाखवणारं डायग्नोस्टिक कार्ड. ‘००’ किंवा ‘एफएफ’ दिसलं म्हणजे बोर्ड गेला, असं सांगतात. प्रोसेसरने पहिली सूचनाच उचलली नसेल तरी तेच आकडे दिसतात, आणि त्याचं कारण एक न बसलेली सीपीयू केबलसुद्धा असू शकतं. शिवाय नव्या बोर्डांपैकी पुष्कळ त्या कार्डाकडे कोड पाठवतच नाहीत.

आता घरी करायचं काय ते. आधी लक्षण नीट ओळखा, कारण ‘चालू होत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळे आजार दडलेले असतात. काहीच हालत नाही; पंखा क्षणभर फिरून थांबतो; पंखा फिरत राहतो पण स्क्रीन काळी. तिसऱ्या प्रकारात बोर्ड बहुधा निर्दोष असतो. रॅम अर्धवट बसलेली असते, नाहीतर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डऐवजी बोर्डला लावलेली असते, नाहीतर नावापुढे एफ असलेला इंटेल प्रोसेसर घेऊन ग्राफिक्स कार्डच घेतलेलं नसतं. बी४५० सारख्या जुन्या बोर्डवर रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर लावला आणि बायोस (बोर्डमधलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) जुनं असेल तरीही स्क्रीन काळीच राहते.

काहीच हालत नसेल तर भिंतीपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटात मोबाइलचा चार्जर चालतो का, एक्स्टेन्शन बोर्डचा फ्यूज शाबूत आहे का, एसएमपीएसच्या मागचं बटण ‘।’ कडे आहे का. स्वस्त किंवा जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असं लिहिलेला लाल स्विच असतो, तो २३० वरच हवा. ११५ वर ठेवून आपला २३० व्होल्टचा पुरवठा दिला तर धडाका होतो, आणि मग खरंच दुकानात जावं लागतं.

त्यानंतर (पंखा क्षणभर फिरून थांबत असेल तर थेट इथून) २४ पिनांची जाड केबल क्लिपचा टक आवाज येईपर्यंत दाबा. प्रोसेसरजवळची ८ पिनांची केबल वेगळी असते, ती ४+४ अशी दुभंगते. ग्राफिक्स कार्डाची ६+२ ची केबल दिसायला तशीच, पण आतली १२ व्होल्ट आणि ग्राउंडची मांडणी उलटी. तिथे जोर लावून बसवू नये. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा एसएमपीएस असेल तर दुसऱ्या कंपनीच्या केबल त्याला लावू नयेत. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांना ठरावीक मानक नाही, आणि अशा अदलाबदलीत ड्राइव्ह जळतात.

मग कॅबिनेटच्या बटणापासून आणि दिव्यांपासून येणाऱ्या त्या बारीक वायरी, जिथे सगळ्यात जास्त लोक फसतात. बहुतेक नव्या बोर्डांवर त्यांच्या (एफ-पॅनलच्या) पिना दोन रांगांत असतात: एकीत पाच, दुसरीत चार. चार पिनांच्या रांगेत रिकाम्या जागेच्या लगतच्या दोन पिना पॉवर बटणाच्या, आणि त्यांच्या शेजारच्या दोन पॉवर एलईडीच्या. एक प्लग एवढा सरकला की बटण मेलं. मॅन्युअलमधली आकृती पाहाच, कारण काही बोर्डांवर मांडणी निराळी असते. बटणाच्या वायरीला उलटसुलट नसतं, एलईडीला असतं. खात्रीसाठी सगळ्या बारीक वायरी काढा आणि त्या दोन पॉवर पिनांना चपट्या स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा किंवा वायरीचा, बोर्डचा नाही. कुडाळच्या त्या मशीनवर एवढं केलं असतं तरी प्रकरण बहुधा तिथेच संपलं असतं.

तरीही काही नाही? मग एसएमपीएस एकटा तपासा. केबल भिंतीतून काढून २४ पिनांचा कनेक्टर बोर्डवरून सोडवा. पूर्वी हिरवी वायर शोधायची सोय होती, आता सगळ्या वायरी काळ्या येतात. क्लिपच्या बाजूच्या बारा घरांच्या रांगेत साधारणपणे एक घर रिकामं असतं. ज्या टोकापासून ते आठवं पडतं, त्याच टोकापासून चौथं आणि पाचवं घर कागदाच्या क्लिपने जोडा, मग वीज द्या. व्होल्टेज वर दिलेल्या पट्ट्यात आले तर एसएमपीएस जिवंत आहे असं म्हणायला हरकत नाही. लोडखाली कोसळणारे एसएमपीएस असतात, ते मात्र या चाचणीत सापडत नाहीत. एसएमपीएसचं खोकं उघडू नका; आतल्या कपॅसिटरवर ३२५ ते ४०० व्होल्टपर्यंत साठा असतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

शेवटी बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम (चार खाचा असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसरी खाच), दुसरं काही नाही. इथे सुरू झालं आणि कॅबिनेटमध्ये बंद पडलं, तर बहुधा पितळेचा एखादा स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर बसवतात त्या बारीक खांबांपैकी एक) भोक नसलेल्या जागी बोर्डच्या पाठीला टेकतोय. मायक्रो-एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवताना हे हटकून होतं.

किनाऱ्यावरच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे ‘बोर्डातून करंट उतरतोय’ म्हणून दाखवलं जातं. प्रत्यक्षात अर्थिंग नसलेल्या घरात एसएमपीएसच्या फिल्टर कपॅसिटरमुळे पत्र्यावर मेनच्या साधारण निम्मा व्होल्टेज तरंगतो. सड्यावरच्या जांभ्यात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की तो नावापुरता उरतो. सॉकेटात फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत येतात का ते वायरमनकडून मोजून घ्या. तसं नसेल तर आधी खड्डा दुरुस्त करायचा. बोर्ड बदलून त्या झिणझिण्या जाणार नाहीत.

‘पुराचा माल’ हाही प्रश्न इथे आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये पाणी दुकानांत शिरलं होतं, आणि पावसाळ्यात सखल भागात ते थोडंफार दरवर्षी शिरतं. बदली म्हणून मिळालेल्या बोर्डच्या स्क्रूच्या भोकांभोवती पांढरी-हिरवी पूड, स्टिकरचा फुगलेला कागद, यूएसबी पोर्टच्या आत गंज, असं दिसलं तर तो बोर्ड घ्यायचा नाही, मग तो चालू असो वा नसो.

मशीन दुकानात द्यावंच लागलं तर देण्याआधी प्रत्येक भागाच्या सिरियल नंबरचा फोटो काढा: बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस. प्रोसेसरच्या सॉकेटचाही काढा, विशेषतः इंटेलचं एलजीए१७०० सॉकेट असेल तर, कारण तिथे पिना सॉकेटात असतात. वाकलेल्या पिनांवर वॉरंटी नाकारली जाते, आणि ‘आधीच वाकलेल्या होत्या’ हे उत्तर तयार असतं. सॉकेटवर आलेलं प्लास्टिकचं झाकण फेकू नका. जॉबशीटवर (मशीन ठेवून घेतल्याच्या दुकानाच्या कागदावर) सिरियल नंबर, दोषाचं वर्णन आणि ‘बदललेला भाग परत द्यावा’ ही ओळ लिहून घ्या. या ओळीला जो नकार देईल, त्याच्याकडे मशीन ठेवू नये. बोर्ड नवा असेल तर त्यावर कंपनीची वॉरंटी चालू असते, बहुधा तीन वर्षांची; ती सिरियल नंबरवर तपासली जाते, तेव्हा आधी कंपनीत विचारा.

मशीन परत आल्यावर लगेच सीपीयू-झेड हा आतले भाग ओळखणारा प्रोग्राम उघडून बोर्डचं मॉडेल आणि रॅम जुळवा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये एसएसडीचे चालू तास बघा. महिन्याभरापूर्वी घेतलेल्या एसएसडीवर सहा हजार तास असूच शकत नाहीत. बदली ग्राफिक्स कार्ड दिलं असेल तर कार्ड ओळखणारा जीपीयू-झेड प्रोग्राम लावा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं बायोस चढवलेलं असलं तर बऱ्याच वेळा ते कार्डाच्या नावापुढे ‘फेक’ असं लिहून देतं.

फसवणूक झालीच असेल तर आधी दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर कळवलं तरी चालेल, पण तारीख दिसली पाहिजे. पक्कं बिल मागा. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, १५ अक्षरी असतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर ताडून बघता येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे मिटलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं: सिंधुदुर्गचं काम सिंधुदुर्गनगरीला, रत्नागिरीचं रत्नागिरीत, रायगडचं अलिबागला. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायला हवी. सोबत जोडायचे कागद म्हणजे बोर्डच्या मूळ खोक्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो, खरेदीचं बिल, जॉबशीट आणि आता आत बसलेल्या बोर्डचा फोटो. यूपीआयचा स्क्रीनशॉट पैसे दिल्याचं दाखवतो; कशाचे दिले ते त्यात नसतं, म्हणून कच्ची पावतीही जपून ठेवा.