ब्रीडरकडून लॅब्रॅडॉर आणून अकरा महिने झाले : आमचा अनुभव

बुंदी घरी आली तेव्हा साठ दिवसांची होती, आता तेरा महिन्यांची आहे. सोसायटीत, बागेत बरेच जण विचारतात की पिल्लू कुठून आणि कसं घ्यावं, म्हणून सविस्तर लिहिते.

त्याआधी आमच्या पहिल्या पिल्लाबद्दल सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून पिवळा लॅब आणला होता. "पंचेचाळीस दिवसांचा आहे, पहिलं इंजेक्शन झालंय, हेवी बोन आहे," असं दुकानदार म्हणाला. आई दाखवा म्हटलं, तर "ती फार्मवर असते" एवढंच. लसीचं कार्ड दिलं, पण त्यावर ना बाटलीवरचं स्टिकर होतं, ना डॉक्टरांचा शिक्का. हे तेव्हा आमच्या लक्षातही आलं नाही. चौथ्या दिवशी त्याने खाणं सोडलं. रात्री उलट्या, सकाळी रक्ताची शी. पार्व्हो होता, पिल्लांच्या आतड्यांना होणारा विषाणूचा आजार. सलाईनची सुई हलू नये म्हणून मी आणि नवरा आळीपाळीने त्याचा पुढचा पाय धरून बसायचो. पाय माझ्या अंगठ्याएवढा होता. उपचारांच्या सहाव्या दिवशी पहाटे तो गेला. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू घरात, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. फरशी ब्लीचने पुसा आणि वर्षभर नवीन पिल्लू आणू नका.

ते वर्ष चौकशीत गेलं. तेव्हा कळलं, की २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे बाजारात सर्रास चालणारं "पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू" हेच मुळात नियमात बसत नाही. आम्ही सात-आठ जणांना फोन केले. बहुतेकांनी आधी भाव सांगितला, "पेपरसकट" वेगळा आणि "विदाउट पेपर" वेगळा. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबचे हे पेपर वंशावळ सांगतात, तब्येतीबद्दल काही सांगत नाहीत, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

एकाच गृहस्थांनी आम्हाला प्रश्न विचारले. दिवसभर घरी कोण असतं? कितव्या मजल्यावर राहता, लिफ्ट आहे का? आधीचं कुत्रं कशाने गेलं, कधी गेलं? पार्व्होचं सांगितल्यावर त्यांनी महिने मोजून घेतले. मग म्हणाले, "सध्या पिल्लं नाहीत. आधी येऊन कुत्री बघून जा."

साताऱ्याच्या बाजूला त्यांचं घर आहे. तीन माद्या, तिन्ही घरातच. आम्ही गेलो तेव्हा बुंदीची आई ओट्याखाली झोपली होती. उठून आली, माझ्या चपला हुंगल्या आणि मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून तिथेच बसली. मला तिथेच पटलं. पिल्लू सुरुवातीला आईपाशीच शिकतं; अनोळखी माणसाला बघून तीच कोपऱ्यात दबत असेल तर पिल्लू काय शिकणार? त्यांनी तिच्या खुब्याचे एक्स-रे दाखवले. लॅबमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आईबापांकडून येऊ शकतो, त्यामुळे मला हा कागद वंशावळीपेक्षा मोलाचा वाटतो.

पाच महिने थांबावं लागलं. पिल्लं झाल्यावर भेटायला गेलो, पण निवडायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं. मुलीला काळं पिल्लू हवं होतं. ते म्हणाले, "तो फार दांडगा आहे, तुमच्या फ्लॅटला ही शांत पोरगी बरी." तेव्हा राग आला होता. आज त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं. येताना आईच्या अंथरुणाचा एक तुकडा, बुंदीचं नेहमीचं खाणं आठवडाभर पुरेल एवढं आणि तिच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा नंबर लिहिलेलं कार्ड दिलं. पहिल्या रात्री त्या तुकड्यावर नाक ठेवून ती झोपली. साठ दिवस भावंडांत राहिल्याने किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे तिला आधीच कळत होतं. मुलीच्या हातावर एकदाही रक्त आलं नाही.

सगळंच छान होतं असं नाही. बाप कोल्हापूरचा, तो फक्त व्हिडिओ कॉलवर बघायला मिळाला, आणि त्याचे एक्स-रे मागूनही मिळाले नाहीत. मी अजून जोर लावायला हवा होता. पेपर यायला सात महिने लागले. दुकानापेक्षा पैसेही बरेच जास्त गेले, पण पहिल्या पिल्लाच्या सहा दिवसांच्या दवाखान्याचं बिल अजून कपाटात आहे, त्यापुढे हा फरक मला मोठा वाटत नाही. करारात एक अट आहे : काही कारणाने सांभाळणं जमलं नाही तर कुत्री परस्पर कुणाला द्यायची नाही, त्यांच्याकडेच परत आणायची. सासूबाईंना ही अट विचित्र वाटली. मला त्याच अटीमुळे त्या माणसाचा भरवसा वाटला.

त्यांचा फोन अजून दर महिन्याला येतो. लॅबची भूक कधी भागत नाही आणि वाढलेल्या वजनाचा ताण खुब्यावर येतो, म्हणून पहिला प्रश्न वजनाचाच असतो. परवा २८ किलो सांगितलं. म्हणाले, "वरून फोटो पाठवा, कंबर दिसते का बघू." फोटो बघून त्यांनी संध्याकाळची अर्धी वाटी कमी करायला सांगितली. बुंदी कालपासून रिकामं भांडं तोंडात धरून माझ्यामागे फिरते आहे.