काचबिंदू आणि गाडी: दृष्टिक्षेत्र तपासणीचा अनुभव

काचबिंदू असताना गाडी चालवावी का, हे विचारायला या नेत्रकेंद्रात गेले. तक्त्यावरची शेवटची ओळ मी धडाधड वाचते, पण तेवढ्याने ठरत नाही; काचबिंदूत कडेची नजर कमी होऊ शकते, ती वेगळी मोजावी लागते. आधी हम्फ्री या दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या यंत्रावर एकेक डोळा, मग दोन्ही डोळे उघडे ठेवून १२० बिंदूंची एस्टरमन चाचणी. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढू शकतो, म्हणून गाडीसाठी ही चाचणी महत्त्वाची, हे तंत्रज्ञ मुलीने छान समजावलं. प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मान अवघडते, आणि काही न दिसताही बोट शिवशिवतं! (उगाच दाबलेलं यंत्र टिपतं बरं का.) डॉक्टरांनी मात्र कुठे दिसतं, कुठे नाही याचा नकाशा घाईत दाखवला, खालचा काळा पट्टा कशाचा, ते मलाच विचारावं लागलं. खुर्च्या भयानक. तरी पुढची तपासणी इथेच करणार.