सांगलीतून संध्याकाळच्या बातम्या : निवेदक धरायचा की वेळ?

आवडता निवेदक वाहिनी सोडून गेला किंवा आठचा कार्यक्रम एके दिवशी गुपचूप दहाला सरकला, की घरात रिमोटवरून वाद सुरू होतो. टीव्ही एकच, त्यावर सात ते दहा मालिकांचा हक्क, आणि बातम्यांच्या वाट्याला कसाबसा अर्धा-पाऊण तास. तेवढ्या वेळात काय लावायचं? निवेदक जाईल तिकडे जायचं, नेहमीची वेळ धरून बसायचं, की गल्लीतल्या केबलवाल्याचा लोकल चॅनल बघायचा? हा तिसरा पर्याय कुणी हिशोबात धरत नाही. सांगली-मिरजेत राहणाऱ्याने तो धरायला हवा, असं माझं मत आहे.

निवेदकामागे जायचं म्हटलं तर किती फिरावं लागतं बघा. आयबीएन लोकमत २००८ मध्ये सुरू झालं आणि निखिल वागळे यांचा ‘आजचा सवाल’ बघणारा मोठा वर्ग तयार झाला. २०१४ मध्ये वागळे बाहेर पडले. पुढे महाराष्ट्र १, मग टीव्ही ९ मराठीवर ‘सडेतोड’, तोही २०१७ मध्ये बंद. उदय निरगुडकर झी २४ तासवरून न्यूज १८ लोकमतमध्ये गेले. म्हणजे वागळ्यांना सोडायचं नाही असं ठरवलेल्या माणसाने तीन वाहिन्या बदलल्या आणि शेवटी मोबाईलवर येऊन थांबला. त्यात वाहिन्यांच्या पाट्याही बदलत राहिल्या. स्टार माझाचं २०१२ मध्ये एबीपी माझा झालं, आयबीएन लोकमतचं पुढे न्यूज १८ लोकमत. आमच्याकडची जुनी मंडळी अजून ‘स्टार माझा लाव रे’ म्हणतात आणि पोरं बरोबर तोच लावतात.

हिंदीत याच्या दोन वेगळ्या तऱ्हा दिसतात. सुधीर चौधरी रात्री नऊला झी न्यूजवर ‘डीएनए’ करायचे. २०२२ मध्ये ते आज तकवर गेले, वेळ नऊचीच, नाव ‘ब्लॅक अँड व्हाइट’. २०२५ मध्ये डीडी न्यूजवर आले, पुन्हा नऊ, नाव ‘डिकोड’. तिकडे झीने ‘डीएनए’ हे नाव ठेवून घेतलं आणि दुसऱ्या चेहऱ्यांवर कार्यक्रम चालू ठेवला. म्हणजे माणूस आणि वेळ एकत्र राहिले, नाव वाहिनीकडे उरलं. रवीश कुमार यांचं उलट झालं. नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी त्यांनी एनडीटीव्ही सोडलं, यूट्यूबवर गेले, आणि नऊ वाजता बसायचं कारणच संपलं. आता त्यांचा व्हिडिओ सकाळी चहाबरोबर बघा नाहीतर दुपारी एसटीत बघा, फरक पडत नाही. माझ्या मते निवेदकाच्या चाहत्याला हेच सोयीचं. ज्याच्यासाठी आपण थांबतो तो फोनवर कधीही मिळत असेल, तर त्याच्यासाठी घरातला टीव्ही अडवून ठेवण्यात काय अर्थ आहे?

वाहिन्यांना मात्र वेळ सोडवत नाही, कारण त्यांचा गल्ला वेळेवर आहे. कोण काय बघतं हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात, मीटर बसवलेल्या घरांत कोणत्या मिनिटाला काय चालू होतं यावर जाहिरातीचा दर ठरतो. टीआरपी घोटाळ्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०२० मध्ये बातमीवाहिन्यांचे स्वतंत्र आकडे थांबवले होते. ते मार्च २०२२ मध्ये परत सुरू झाले, तेही चार आठवड्यांच्या सरासरीने. सरासरी आली म्हणून धाकधूक कमी झाली असं नाही. समोर मालिका असते, उन्हाळ्यात आयपीएल असतो, मग कुणाला साताला आण, कुणाला दहाला ढकल, हे चालूच राहतं. अमेरिकेत फॉक्स न्यूजने रात्री आठची जागा २०१७ मध्ये बिल ओ’रायली यांच्याकडून काढून टकर कार्लसन यांना दिली, आणि २०२३ मध्ये कार्लसन गेल्यावर जेसी वॉटर्स यांना. तीन माणसं आली-गेली, आठ वाजताची खुर्ची हलली नाही.

आता वेळ धरून बसणाऱ्यांचं. इथे दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरच्या सातच्या बातम्यांबद्दल दोन शब्द जास्त बोलायला हवेत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, स्मिता पाटील तिथे बातम्या वाचायच्या, आणि पुढे प्रदीप भिडे यांचा आवाज म्हणजेच संध्याकाळच्या बातम्या असं अनेक वर्षं समीकरण होतं. भिडे २०२२ मध्ये गेले तेव्हा लोकांनी त्यांचे उच्चार आठवले, थांबायची पद्धत आठवली. त्यांचं राजकीय मत काय होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नाही. वृत्तनिवेदक आणि चर्चा चालवणारा अँकर यांच्यात फरक आहे तो हाच. वाचणारा बदलला तरी बातमीपत्र तसंच राहतं. आज एक निवेदिका, उद्या दुसरी, कुणी ‘ती कुठे गेली’ म्हणून चौकशी करत नाही. तोटाही सांगतो: मंत्र्यांची उद्घाटनं जास्त, अवघड प्रश्न कमी. सरकारी वाहिनीकडून सरकारची उलटतपासणी व्हावी अशी अपेक्षा ठेवून बसलात तर अर्धा तास फुकट गेला म्हणायचा.

खासगी वाहिन्यांवर वेळ धरायची असेल तर संध्याकाळचं बातमीपत्र धरा. रात्रीच्या चर्चेसाठी थांबू नका, हे माझं स्पष्ट मत. चर्चा वाहिनीला स्वस्त पडते. स्टुडिओत एक अँकर, पडद्यावर सहा चौकोन, प्रत्येक चौकोनात एक प्रवक्ता, झाला तास पूर्ण. आमच्या जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्याच्या पूर्व भागात टँकर किती फेऱ्या करतात हे दाखवायला मात्र माणूस पाठवावा लागतो, गाडीला डिझेल लागतं, कॅमेरामनचा दिवस जातो. म्हणून चर्चेत मुंबई-दिल्ली असते आणि जत बातमीपत्राच्या शेवटच्या पट्टीत असतं, असलं तर. एखादा अँकर घरचा अभ्यास करून बसतो, पाहुण्याला आकडा विचारतो, पळवाट काढू देत नाही, अशी चर्चा बघण्यासारखी असते. पण ती त्या माणसाची असते. तो गेला की त्याच वेळेला, त्याच संगीतावर, त्याच टेबलाशी नुसता आरडाओरडा उरतो. तेव्हा चर्चा बघायचीच तर निवेदकाच्या नावावर बघा आणि फोनवर बघा.

आणि आता केबलवाल्याचा लोकल चॅनल. दिसायला गरीब असतो. निवेदिकेच्या मागे छापील पडदा, आवाज कधी घुमतो, दोन बातम्यांमध्ये साड्यांचा सेल आणि क्लासेसची जाहिरात, वाढदिवसाच्या शुभेच्छांना तर अंत नाही. नगरसेवकाची बातमी आणि नगरसेवकाची जाहिरात यातला फरक ओळखायला जरा सराव लागतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये हाच चॅनल सांगलीकराला उपयोगी पडतो. खालच्या पट्टीवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटांत येत असते, शेजारी कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं ते. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका पातळी, हे इथे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. ३५ वरून ३७ झालं की सूर्यवंशी प्लॉट आणि कर्नाळ रोड या सखल भागांतल्या लोकांना सामान वर चढवायचं की नाही ते ठरवावं लागतं. त्या वेळी मुंबईच्या वाहिनीवर ‘पश्चिम महाराष्ट्रात पावसाचा जोर’ एवढंच ऐकून काय करणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा राज्यातल्या सगळ्या वाहिन्या सांगलीत आल्या, वार्ताहर बोटीत उभे राहून कॅमेऱ्यासमोर बोलले. पण त्याआधी, पाणी चढत असताना, कुठल्या गल्लीत आलं हे इथल्याच माणसांनी सांगितलं. यातला कच्चा दुवा असा की लाईट गेली की केबल गेली. त्या पुरात तेच झालं. म्हणून पावसाळ्यात सेलवर चालणारा रेडिओ जवळ असू द्या. सांगली आकाशवाणी १९६३ पासून आहे, आणि संध्याकाळी सातच्या प्रादेशिक बातम्या रेडिओवरही ऐकता येतात.

पाऊस नसताना या चॅनलचं वजन थोडं कमी होतं, पण मार्केट यार्डातला हळदीचा आणि बेदाण्याचा सौदा, महापालिकेचं पाणी कुठल्या भागात येणार नाही, हे तिथेच कळतं.

मग कुणी काय करावं? घरात वयस्कर माणसं असतील, कान जरा कमी झालेत, तर सातला सह्याद्री आणि त्यानंतर टीव्ही मालिकांना देऊन टाका. आरडाओरडा नाही, वाक्यं पूर्ण ऐकू येतात. नदीकाठी राहत असाल तर जून ते सप्टेंबर लोकल चॅनल आधी, बाकी नंतर. राजकारणाची चटक असलेल्यांनी आपले दोन-तीन निवेदक फोनवर सबस्क्राईब करावेत, आणि त्यातला निदान एक आपल्या मताविरुद्ध बोलणारा असावा. नाहीतर आपलंच मत रोज दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात संध्याकाळ जाते. कोल्हापूर-सांगलीच्या बातम्या राज्यस्तरावर जरा जास्त हव्या असतील त्यांनी २०२३ मध्ये आलेलं पुढारी न्यूजही लावून बघायला हरकत नाही. मूळ घर कोल्हापूरचं असल्याने या भागातले वार्ताहर त्यांना नवे नाहीत.

पैशाचा मुद्दा फार मोठा नाही. बऱ्याच मराठी बातमीवाहिन्या फ्री टू एअर आहेत. महिन्याचं बिल फुगतं ते मालिका आणि क्रिकेटमुळे. केबलवाला ‘दादा, मोठा पॅक घ्या, सगळ्या न्यूज येतील’ म्हणाला तर आधी यादी मागा आणि त्यातल्या किती वाहिन्या तशाही फुकट आहेत ते विचारा. लोकल चॅनल डिशवर दिसत नाही, त्यामुळे केबल काढून डीटीएच घेताना तेवढं गणित करा. घरी डीडी फ्री डिश असेल तर तिथल्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो आणि नवं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. त्या दिवशी तुमची वाहिनी गायब झाली तर निवेदकाला दोष देऊ नका, बॉक्सला एकदा रीस्कॅन मारा.